माळ्यावरचा ४८६ खाली उतरवलाय? बटण दाबण्याआधी हा क्रम वाचा

जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला की घरात कुणीतरी वायर शोधून आणतं, सॉकेटात घालतं आणि म्हणतं, "दाबून बघूया की, चालतोय का." बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली जी मशीनं माझ्यासमोर हाताबाहेर गेलेल्या अवस्थेत येतात, ती बहुतेक माळ्यावर पडून गेलेली नसतात, या दाबून बघण्यात गेलेली असतात. दुसरी चूक उतावळेपणाची. मशीन धड सुरूही झालेलं नसतं आणि मालक रॅम, प्रोसेसर, साउंड कार्ड मागवून बसलेले असतात. मग बिघाड जुना आहे की नव्या पार्टमुळे झालाय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा: आधी कोरडं करणं, मग बॅटरी, मग एकटा पॉवर सप्लाय, मग कमीत कमी पार्टवर मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड) उठवणं, मग डेटा, आणि सगळ्यात शेवटी अपग्रेड. हा लेख ३८६, ४८६ आणि सुरुवातीच्या पेंटियम या जुन्या प्रोसेसरांवर चालणाऱ्या असेंबल मशीनांबद्दल आहे, म्हणजे ज्यांच्या कॅबिनेटला खटकन आत जाणारं मोठं पॉवर बटण असतं ती. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम (कॅसेटवर चालणारा जुना घरगुती कॉम्प्युटर) आहे त्यांच्यासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे. त्यांनी तो आधी वाचावा.

## हाताशी काय हवं

मल्टिमीटर (साधा डिजिटल चालतो), फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, बारीक निप्पर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, जुना मऊ टूथब्रश, इअरबड, खोडरबर. पांढरा व्हिनेगर किराणा दुकानात मिळतो. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मागा. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोठ्या मेडिकलमध्ये किंवा लॅबचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. सॅनिटायझर ही त्याची बदली नव्हे, त्यातलं ग्लिसरीन बोर्डावर चिकट थर सोडतं.

आणखी दोन गोष्टी लागतील. एक, सिरीज बल्ब. १०० वॅटचा तारेचा बल्ब फेजच्या वायरीत सिरीजमध्ये लावलेला बोर्ड कुठल्याही जुन्या इलेक्ट्रिशियनकडे असतो. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. दोन, टू-व्हीलरच्या गॅरेजमधले १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन इंडिकेटर बल्ब, होल्डरसकट. ते कशाला ते पुढे येईल.

## टप्पा १: फोटो, धूळ आणि ओल

झाकण काढा आणि कशालाही हात लावण्याआधी फोटो घ्या. रिबन केबलची लाल कड कुठल्या बाजूला आहे, कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे, बोर्डावरचे जंपर कसे आहेत, पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी कुठे जातात, सगळं. हार्ड डिस्कच्या लेबलचा जवळून फोटो घ्या. त्यावर सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे तीन आकडे असतात, ते टप्पा ६ मध्ये लागणार आहेत. ते नसतील तर तिथे अडकाल.

मग साफसफाई. आपल्याकडे मशीन कुठून आलं यावर घाण ठरते. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरातलं असेल तर बुरशी आणि गंजलेले स्क्रू. अथणी-रायबागकडचं असेल तर बारीक कोरडी धूळ, जी ब्रशने निघते. निपाणीत वखारीजवळच्या घरातलं असेल तर तंबाखूची धूळ. ती तेलकट असते, ओल धरते आणि पंख्याच्या पात्यांवर थर होऊन बसते. कुंभारमाशीने पॉवर सप्लायच्या जाळीत मातीचं घर केलेलं असणं फार नेहमीचं. पालीची अंडी, झुरळं आणि उंदराची लघवी यांचीही तयारी ठेवा. तोंडाला मास्क बांधा आणि हे काम अंगणात करा.

ब्लोअर लावताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. ओला कपडा बोर्डावर फिरवू नका.

पावसाळ्यात आणलेलं मशीन कोरड्या खोलीत झाकण काढून दोन-तीन दिवस राहू द्या. उन्हात ठेवू नका, जुनं पांढरं प्लॅस्टिक आणखी पिवळं पडतं.

इथे तपासा: सोल्डर न केलेली प्रत्येक चिप सॉकेटात नीट बसली आहे का? वर्षानुवर्षांच्या थंडी-उन्हाने चिपा सॉकेटातून हळूहळू वर सरकतात. अंगठ्याने हलकेच दाबा. कट्‌ असा आवाज आला तर ती वर आलेली होती.

## टप्पा २: बॅटरी, आणि तिने केलेलं नुकसान

या लेखातला एकच टप्पा वाचणार असाल तर हा वाचा.

३८६ आणि ४८६ च्या बोर्डावर, बहुतेक वेळा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली पिंपासारखी बॅटरी सोल्डर केलेली असते. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग जपणं हे तिचं काम. ती फुटते, आणि तिच्यातलं रसायन तांब्याच्या रेषा खात खात बोर्डभर पसरतं. टोकांवर हिरवा-पांढरा भुरा दिसला तर ती फुटलेली आहे. भुरा नसला तरी फुटणार आहे. चालू असो वा मेलेली, ती आजच निप्परने कापून काढा. पाय बोर्डाच्या बाजूला थोडे लांब ठेवून कापा, सोल्डर नंतर सावकाश काढता येतं. कॅडमियम विषारी आहे, म्हणून ती कचऱ्यात टाकू नका, पोरांच्या हाती देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आता जवळजवळ सगळे करतात ती चूक. घरोघरी इन्व्हर्टर आहे, ट्रॅक्टर आहे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं आलं की खाण्याचा सोडा लावून धुवायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. इथे सोडा लावू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असतं, म्हणून तिथे सोडा. या बॅटरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली असते. तिला आम्ल लागतं, म्हणजे व्हिनेगर. लिंबाच्या रसाने तेच काम होतं, पण तो चिकट राहतो आणि मुंग्या आणतो.

कृती अशी:

१. बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढा. प्रोसेसर आणि रॅम उतरवून ठेवा.
२. इअरबडने व्हिनेगर फक्त डाग असलेल्या भागावर लावा. फसफसेल. फसफस थांबेपर्यंत बड बदलत राहा.
३. टूथब्रश आणि डिस्टिल्ड वॉटरने तो भाग धुवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार बोर्डावर बसतात.
४. अल्कोहोल फिरवून पाणी उडवा आणि बोर्ड उभा ठेवून रात्रभर वाळू द्या.
५. काळवंडलेल्या सोल्डरला टिप लावून बघा. सोल्डर वितळतच नसेल तर खाली अजून गंज आहे. ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावून जुनं ओढून काढा.

मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड आहे का ते सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि डागाखालून जाणारी प्रत्येक रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. विशेषतः बोर्डाच्या वरच्या थरातून खालच्या थरात जाणारी बारीक भोकं बघा. रेषा वरून अखंड दिसते आणि भोकाच्या आत तांबं उरलेलंच नसतं.

तुटलेल्या रेषेला बारीक वायर जोडा. आपल्याकडे याला सोपा उपाय आहे: मोटार रिवाइंडिंगचं दुकान. प्रत्येक गावात एक असतंच. पंपाची तार जाड असते, ती नको. सीलिंग फॅनची केसासारखी बारीक एनॅमलची तार मागा. हातभर तार कुणी पैसे न घेताही देतं. टोकावरचं एनॅमल ब्लेडने खरवडा, सोल्डर धरतंय याची खात्री करा, मगच जोडा.

नवी बॅटरी लावताना पुन्हा एक सापळा आहे. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असे. त्याच जागी साधा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल लावला तर बोर्ड त्यालाही चार्ज करायला जाईल, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. सेलच्या प्लसमध्ये शॉटकी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट (१एन५८१७ चालेल), लावा, पट्ट्याची बाजू बोर्डाकडे. त्याहून सोपं म्हणजे बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते का बघा. असली तर तीन एए सेलचा होल्डर वायरीने बाहेर आणा आणि कॅबिनेटला चिकटवा. पुन्हा गळलाच तर बोर्डापासून लांब गळेल. होल्डर जोडण्याआधी, पुढे मशीन चालू झालं की त्या पिनांवर व्होल्टेज येत नाही ना ते मीटरने बघा. येत असेल तर तिथेही डायोड घाला.

काही बोर्डांवर बॅटरी दिसतच नाही. तिथे डॅलस कंपनीचा काळा ठोकळा असतो, डीएस१२८७ किंवा डीएस१२८८७ असं लिहिलेला. बॅटरी त्याच्या पोटात आहे. तो गळत नाही, फक्त विसरभोळा होतो. त्याला आत्ता हात लावू नका.

## टप्पा ३: पॉवर सप्लाय, एकटा

बोर्डाला जोडलेला सप्लाय चालू करून बघायचा नाही. आधी सप्लाय सुटा करून तपासायचा.

सगळ्यात आधी घरातलं सॉकेट. जुन्या वाड्यात तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर मागे कुठेच गेलेली नसते. मीटर एसीवर ठेवून फेज आणि अर्थमध्ये बघा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं येत नसेल तर त्या सॉकेटावर हे काम करू नका.

मग सप्लायच्या मागची लाल सरकपट्टी बघा. ती २३० वर हवी. परदेशातून पाहुण्यांनी आणलेलं मशीन असेल तर ती ११५ वर असू शकते, आणि तशीच लावली तर फटाका ठरलेला.

सावधान: या सप्लायच्या आत प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठून राहतात. डबा उघडायचा अनुभव नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. जुन्या सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पारदर्शक पिवळसर कवचाचा कागदी कॅपॅसिटर असेल आणि कवचाला बारीक तडे गेलेले दिसत असतील, तर चालू करण्याआधी तो बदलून घ्या. तडे गेलेला कॅपॅसिटर काही मिनिटांत धूर सोडतो आणि त्याचा वास खोलीतून आठवडाभर जात नाही. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एक्स२ लिहिलेला, २७५ व्होल्ट एसीचाच घ्या.

सावधान, पुन्हा: या मशीनांच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. बटणाला चार वायरी असतात, दोन कॉर्डकडून आलेल्या आणि दोन सप्लायच्या आत जाणाऱ्या. त्यांची अदलाबदल झाली तर बटण दाबताच फेज आणि न्यूट्रल शॉर्ट. एका वेळी एकच वायर काढा, आणि लावल्यावर प्लॅस्टिकची टोपी परत चढवा.

आता सिरीज बल्बवर, कसलाही लोड न लावता, सप्लाय क्षणभर चालू करा. बल्ब भपकन पेटून मंद झाला किंवा विझला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा.

बल्बची परीक्षा पास झाली की सिरीज बोर्ड बाजूला करा आणि सप्लाय थेट लावा. पण त्याआधी लोड. हे सप्लाय रिकामे चालत नाहीत. काही सुरूच होत नाहीत, काही उलटसुलट व्होल्टेज दाखवतात, आणि "सप्लाय गेलाय" म्हणून लोक चांगला सप्लाय भंगारात देतात. एक इंडिकेटर बल्ब लाल-काळ्या वायरीत लावा, दुसरा पिवळ्या-काळ्या वायरीत. पहिला लालसर मंद पेटेल, दुसरा लख्ख.

मीटरची काळी वायर काळ्या वायरीला लावून मोजा:

- लाल: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. यात तडजोड नाही.
- पिवळी: ११.४ ते १२.६.
- निळी: उणे १२ च्या जवळपास.
- पांढरी: उणे ५ च्या जवळपास.
- नारिंगी: चालू केल्यावर क्षणभराने ५ व्होल्ट. ही पॉवर-गुडची वायर. ही आली नाही तर बोर्ड रीसेटमध्येच अडकून बसतो, पंखा मात्र मजेत फिरत राहतो.

अर्धा तास चालू ठेवून पुन्हा मोजा. गरम झाल्यावर पाच व्होल्ट साडेचारवर येत असतील तर आतले फिल्टर कॅपॅसिटर वाळलेत.

गावाकडे व्होल्टेज खालीवर होतं म्हणून बरेच जण फ्रीजचा स्टॅबिलायझर लावतात. रिले टकटक बदलताना जो झटका बसतो तो या मशीनला मानवत नाही. साधा कॉम्प्युटरचा यूपीएस बरा.

## टप्पा ४: कमीत कमी पार्टवर बोर्ड उठवा

टेबलावर पुठ्ठा घाला, त्यावर बोर्ड. प्रोसेसर, रॅमचा एक संच, डिस्प्ले कार्ड आणि छोटा स्पीकर, बस्स. हार्ड डिस्क नको, फ्लॉपी नको, मोडेम नको, साउंड कार्ड नको.

सप्लायपासून बोर्डाकडे जाणारे दोन कनेक्टर असतात, पी८ आणि पी९. दोन्ही एकसारखे दिसतात आणि उलटेही बसतात. उलटे बसले की बोर्ड संपला. नियम एकच: दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून. काळ्याशेजारी काळी. बटण दाबण्याआधी हे दुसऱ्या माणसाला दाखवा, मग तो घरातला कुणीही असो.

इथे तपासा: कनेक्टर लावण्याआधी बोर्डाच्या पिनांवर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा, मग ५ आणि ग्राउंडमधला. १२ व्होल्टच्या रेषेवर शून्याजवळ आला तर टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट झालेला आहे. पिवळ्या किंवा निळ्या थेंबासारखे ते असतात, बहुतेक स्लॉटांच्या आसपास. असं असताना चालू केलं तर सप्लायचा पंखा एकदा दचकून थांबतो, किंवा तो थेंब ठिणगीसकट उडतो. बदलताना लक्षात ठेवा, टँटलमवर खूण प्लसची असते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवर मायनसची. सवयीने उलटा लावला तर नवा थेंबही उडेल.

कीबोर्ड मोठ्या गोल पाच पिनांचा असतो. पीएस/२ कीबोर्डला साधा अडॅप्टर लावून चालतं. आजचा यूएसबी कीबोर्ड अडॅप्टरने बहुधा चालत नाही, त्यात वेळ घालवू नका. मॉनिटर म्हणून १५ पिनांचं व्हीजीए सॉकेट असलेला जुना एलसीडी वापरा. मागे ९ पिनांचं सॉकेट असलेलं डिस्प्ले कार्ड निघालं तर ते व्हीजीए नव्हे, त्याला त्याच काळचा मॉनिटर लागतो. आणि जुना काचेचा मॉनिटर बंद असला तरी उघडू नका. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर लागतात आणि ते आत राहतात.

## टप्पा ५: उठला नाही तर

घाईने चिपा बदलू नका. लक्षण वाचा.

पंखा दचकतो आणि थांबतो: शॉर्ट. टप्पा ४ मधली तपासणी पुन्हा करा, डिस्प्ले कार्डवरचे टँटलमही बघा.

पंखा फिरतो, बाकी सन्नाटा: आधी नारिंगी वायर, मग बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) चिप सॉकेटातून काढून परत बसवा, मग रॅम. रॅमची आणि कार्डाची टोकं खोडरबराने घासा, भुगा अल्कोहोलने पुसा. सँडपेपर लावणारे महाभाग आहेत, सोनेरी मुलामा एका घासण्यात जातो. आपल्या दमट हवेत हा एकच उपाय कितीतरी "मेलेली" मशीनं उठवतो.

रॅमचा संच पूर्ण आहे का ते मोजा. ३० पिनांच्या पट्ट्या ३८६एसएक्समध्ये दोनच्या पटीत लागतात, ३८६डीएक्स आणि ४८६ मध्ये चारच्या. ७२ पिनांची पट्टी ४८६ ला एक पुरते, पेंटियमला दोन. चारातली एक काढून "तीनवर चालतंय का बघूया" हे होत नाही.

बीप वाजतात: मोजा. एएमआय कंपनीच्या बायोसवर तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत गडबड, सहा म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर, आठ म्हणजे डिस्प्ले कार्डची मेमरी. अवॉर्ड कंपनीच्या बायोसवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले. सहा बीप आले आणि बॅटरी गळलेली होती, तर टप्पा २ अर्धवट सोडलाय असं समजा. कीबोर्डच्या रेषा नेमक्या तिथूनच जातात.

पडद्यावर कीबोर्ड लॉक असल्याचा संदेश: काही खराब झालेलं नाही. कॅबिनेटच्या पुढची गोल किल्ली बंद स्थितीत आहे, नाहीतर तिची वायर चुकीच्या पिनांवर बसली आहे.

यातलं काहीच नाही तर पोस्ट कार्ड, म्हणजे मशीन सुरू होताना कुठे अडकतं त्याचा आकडा दाखवणारं तपासणी कार्ड, घ्या. आयएसए स्लॉटमध्ये (या मशीनांच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये) बसणारंच मागा. स्वस्त कार्डांवर दोन्ही बाजूंना टोकं असतात, एक पीसीआयचं आणि एक आयएसएचं. उलटं घातलं तर कार्ड किंवा बोर्ड जळतं, म्हणून आधी त्याचा कागद वाचा. त्यावरचा आकडा कुठे अडकतो ते बायोसच्या यादीशी ताडून बघा.

## टप्पा ६: सेटअप, आणि आधी डेटा

बोर्ड उठला, पडद्यावर रॅम मोजली गेली, की सेटअपमध्ये, म्हणजे बायोसच्या सेटिंगच्या पडद्यावर, जा. तारीख, फ्लॉपीचा प्रकार, आणि हार्ड डिस्क टाइप ४७ किंवा यूजर असा निवडून लेबलवरचे तीन आकडे भरा. अंदाजे आकडे भरले तर डिस्क दिसेल, पण फाइली चुकीच्या वाचेल, आणि त्यावर काही लिहिलंत तर उरलेलंही जाईल.

डिस्क फिरायचा आवाजच येत नसेल तर ती जागीच चिकटली असण्याची शक्यता आहे. डिस्क बोर्डापासून सोडवून हातात धरा आणि मनगटाने आडव्या पातळीत झटकन फिरवा, मग पुन्हा जोडा. आपटू नका, उघडू नका. एकदा फिरली की बंद न करता लगेच कॉपी करा. दुसऱ्यांदा फिरेलच असं नाही.

कॉपी कशी? जुनी हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारी आयडीई केबल घेऊन लॅपटॉपला लावायची, हा पहिला विचार. पण त्या काळच्या छोट्या डिस्क या केबलींना बहुतेक वेळा ओळखूच येत नाहीत, आणि "डिस्क मेली" असा निष्कर्ष निघतो. त्याच मशीनमध्ये दुसरी डिस्क म्हणून सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्ड लावा, चाळीस पिनांच्या अडॅप्टरवर. जुनी डिस्क मास्टर, कार्ड स्लेव्ह. डॉसमध्ये:

एक्सकॉपी सी:\\*.\* डी:\\ /एस /ई

अर्थात टाइप रोमन लिपीतच करायचं.

आपल्या भागातल्या मशीनांवर काय सापडतं ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. बेळगावात डीटीपीचं काम मराठी आणि कन्नड दोन्हीत चालतं. त्यामुळे लग्नपत्रिका, सहकारी सोसायटीचे अहवाल, गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिका या मशीनांवर पडून असतात. या फाइली युनिकोड नाहीत. फक्त फाइली उचलून आणल्या तर नव्या कॉम्प्युटरवर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून फाँटचं फोल्डर आणि त्या सॉफ्टवेअरचं पूर्ण फोल्डर सोबत घ्या. प्रिंटरच्या पोर्टात आगपेटीएवढं डोंगल लावलेलं असेल तर ते काढून हरवू नका, त्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडणार नाही. एखाद्या मशीनमध्ये सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड निघालं तर मशीनपेक्षा ते मोलाचं. एकाच कीबोर्डवरून देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिहायची सोय त्याने डॉसवर केली होती. ते कार्ड आणि त्याची फ्लॉपी एकत्र ठेवा.

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिचं पत्र्याचं झाकण सरकवून चकती बोटाने फिरवून बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. ती फ्लॉपी घातली तर ड्राइव्हचं हेड खराब होतं, आणि मग ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीही खरवडतं. ड्राइव्हचा दिवा सतत पेटून राहिला तर केबल उलटी आहे.

इथे तपासा: कॉपी झालेल्या दोन-चार मोठ्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. खात्री पटली की जुनी डिस्क काढून, तारीख लिहून, बाजूला ठेवा.

## टप्पा ७: आता अपग्रेड

एका वेळी एक. प्रत्येक बदलानंतर मशीन तासभर चालवा.

सीएफ कार्ड, हार्ड डिस्कच्या जागी. सगळ्यात जास्त समाधान देणारा बदल. आवाज नाही, उष्णता नाही. अडचण एवढीच की १९९४ च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच बायोसना ५०४ एमबीच्या पुढचं कळत नाही. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर हा त्यांचा शेवट. त्यामुळे मोठं कार्ड लावून "दिसत नाही" म्हणू नका. छोटं कार्ड घ्या, किंवा नेटवर्क कार्डच्या बूट रॉमच्या सॉकेटात एक्सटी-आयडीई बायोसची (मोठ्या डिस्क ओळखणाऱ्या जादा बायोसची) चिप बसवा. तरीही डॉस ६.२२ चं एक पार्टिशन २ जीबीच्या वर जात नाही. डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडणारा एफडिस्क चालवताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. चुकीचा ड्राइव्ह निवडला की परत फिरायची वाट नाही. पार्टिशन ॲक्टिव्ह करायचं विसरलात तर फॉरमॅट नीट होऊनही मशीन त्यावरून सुरू होणार नाही.

रॅम. संचात सगळ्या पट्ट्या एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेगाच्या. रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवा.

प्रोसेसर. इथे सगळ्यात महागडी चूक होते. डीएक्स२-६६ पाच व्होल्टवर चालतो. डीएक्स४-१०० ला साधारण ३.३ व्होल्ट लागतात. सॉकेट तेच, चिप बसते तीच. व्होल्टेजचा जंपर न बदलता लावली तर ती फार वेळ टिकत नाही. बोर्डाला ३.३ ची सोयच नसेल तर डीएक्स४ चा नाद सोडा. बोर्डावर छापलेली जंपरची यादी, आणि ती नसेल तर त्या मॉडेलची माहिती हाती आल्याशिवाय चिप मागवू नका. डीएक्स४ ला पंखा हवाच, आपल्याकडचा मे महिना सोसणार नाही.

साउंड कार्ड. कार्डाने मशीनशी बोलायच्या वाटा जंपरने ठरवायच्या असतात. पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ ही जुन्या गेमांची आवडती मांडणी. आयआरक्यू ७ प्रिंटर पोर्ट वापरतो, त्यामुळे डोंगल किंवा प्रिंटर असेल तर तिकडे जाऊ नका. जंपर आणि डॉस सुरू होताना वाचलेल्या ऑटोएक्झेक फाइलमधली ब्लास्टरची (साउंड कार्डाची) ओळ जुळली नाही तर आवाज एकदाच येतो आणि मशीन गोठतं.

## स्पेक्ट्रमवाल्यांसाठी

भारतात डेसिबेल्स कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला जात असे, आणि तो अजूनही एखाद्या कपाटात निघतो. त्याला बॅटरी नाही, हार्ड डिस्क नाही, पण एक सापळा आहे. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या मधल्या भागाला मायनस असतो. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि मध्ये प्लस. त्याची पिन तिथे बसते म्हणून लोक लावतात. मूळ अडॅप्टर नसेल तर नवा घेताना ध्रुवता मीटरने बघूनच लावा.

त्याच्या खालच्या १६ केबी मेमरीच्या आठ ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात: ५, १२ आणि उणे ५. उणे ५ गेलं की या चिपा एकामागून एक जातात. म्हणून पडद्यावर रंगीत पट्टे किंवा चौकटी दिसल्या की मशीन बंद करा, "जरा वेळाने येईल" म्हणून चालू ठेवू नका. आधी तिन्ही व्होल्टेज मोजा, मग चिप बदला. उलट्या क्रमाने केलं तर नवी चिपही जाते.

कीबोर्डची पारदर्शक पट्टी वाळून कडक झालेली असते, कॅबिनेट उघडताना ती तुटते. वरचं झाकण एकदम उचलू नका. प्रोग्राम कॅसेटवरच्या आवाजातून लोड होतात. कॅसेट प्लेअर नसेल तर त्याचं रेकॉर्डिंग जुन्या मोबाइलच्या हेडफोन सॉकेटातून द्या. आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा, इक्वलायझर बंद, आणि मोबाइल विमान मोडवर, नाहीतर लोड होताना फोन येतो.

## सुटे भाग आणि पावसाळा

बंगळूरच्या एसपी रोडला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत कॅपॅसिटर, सॉकेट, कनेक्टर मिळतात. जुनी रॅम आणि कार्डं मात्र आता दुकानात क्वचित दिसतात. ती भंगारवाल्याकडे आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या माळ्यावर असतात. ती किलोवर विकत घेताना बोर्डाची बॅटरी बघा, फुटलेल्या बोर्डासोबत ठेवलेली चांगली कार्डंही खराब झालेली असतात.

मशीन ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापड झाका, सिलिका जेलच्या पिशव्या आत टाका आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करा. खानापूर तालुक्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर दर आठवड्याला अर्धा तास मशीन चालवा, आतली ऊबच ओल काढते. एए सेलच्या होल्डरवर बदलल्याची तारीख लिहा आणि दर मे महिन्यात, पावसाआधी, ते उघडून बघा.